समान हक्क आणि शासन : दलित साहित्याची साक्ष

दलित साहित्यावर आजवर झालेली समीक्षा थोडीथोडकी नाही. प्रस्थापित समीक्षकांनी आधी या साहित्याची भाषा तपासली, मग त्यातली वेदना मोजली आणि शेवटी त्याच्या कलात्मकतेविषयी शंका काढली. आपल्या समीक्षकांनी त्यांना उत्तरे दिली. ती देणे आवश्यकच होते. पण या वादाच्या ओघात वेदना, विद्रोह आणि नकार या तीन शब्दांची एक चौकट तयार झाली. आज एम.ए.चा विद्यार्थी कोणत्याही आत्मकथनावर प्रश्न आला की हे तीन शब्द लिहितो आणि गुण मिळवतो. विद्रोह कोणाविरुद्ध असे विचारले तर म्हणतो, समाजाविरुद्ध. समाज म्हणजे कोण असे विचारले की गप्प बसतो.

या चौकटीतून एक पात्र सुटले आहे. जवळजवळ प्रत्येक आत्मकथनात ते हजर असते. कधी ते फौजदार होऊन येते, कधी तलाठ्याचे दप्तर घेऊन येते, कधी शाळेतला मास्तर होऊन, तर कधी वसतिगृहाचा प्रवेशअर्ज होऊन. हे पात्र म्हणजे शासन. गावाने दलिताचे काय केले, हे आपण या पुस्तकांतून वाचले. त्या वेळी शासन कोठे उभे होते, हे मात्र वाचायचे राहिले. समान हक्क म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर या दुसऱ्या वाचनातून मिळते असे माझे मत आहे. या लेखात मी ते मांडण्याचा प्रयत्न करणार आहे.

समान हक्काची पुस्तकी व्याख्या सोपी आहे. कायद्यापुढे सर्व सारखे. राज्यघटनेचे १४ वे कलम हेच सांगते. परंतु दलित माणसाचा अनुभव असा की, हक्क असणे ही एक गोष्ट आणि तो बजावणे ही दुसरी. बजावायला किंमत पडते. सवर्ण माणूस विहिरीवर जातो तेव्हा त्याला बादली आणि दोर पुरतो. दलित माणूस त्याच विहिरीवर गेला की त्याची मजुरी, त्याचे घर, त्याचे हातपाय आणि प्रसंगी त्याचा जीव पणाला लागतो. कागदावर दोघांचा हक्क सारखा. किंमत सारखी नाही. ही किंमत जोवर एकट्या दलिताला आपल्या गाठीची द्यावी लागते, तोवर समान हक्क हा शब्द पोकळच राहणार. हक्क बजावण्याची ही वाढीव किंमत स्वतःच्या शिरावर घेणे हे शासनाचे काम आहे. हक्क नुसता जाहीर करून हे काम संपत नाही.

महाडचा धडा

चवदार तळ्याचे स्मरण आपण दरवर्षी करतो. त्यातला शासनाचा भाग मात्र क्रमाने वाचत नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. सरकारने आपल्या खात्यांना तसे हुकूम काढले. नगरपालिका व लोकल बोर्डे यांच्या बाबतीत मात्र सल्ल्यावर भागवले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. हक्क कागदावर आला. पुढची तीन वर्षे त्या तळ्यावर आपले कोणी गेले नाही, कारण जाणाऱ्याच्या रक्षणाची हमी कोणीच घेतली नव्हती. नुसत्या ठरावाने भागत नाही हे बोल्यांनाही उमगले असावे. जी स्थानिक संस्था ठराव अमलात आणणार नाही तिचे सरकारी अनुदान बंद करा, असा दुसरा ठराव त्यांनी १९२६ मध्ये आणला.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागोमाग लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्याची किंमत त्यांनीच चुकवली. मंडपात मार खाल्ला, रस्त्यात मार खाल्ला, परतीच्या वाटेवर गावोगाव मार खाल्ला. सवर्णांनी तळे 'शुद्ध' करून घेतले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबरात दिवाणी दावा दाखल होऊन तात्पुरता मनाईहुकूम निघाला. दुसऱ्या परिषदेसाठी हजारो लोक जमले असताना कलेक्टर स्वतः मंडपात आले आणि सत्याग्रह करू नका म्हणून सांगून गेले. ज्याने हक्क दिला तेच शासन हक्क बजावू नका असे सांगत होते. बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब करून घेतला आणि कोर्टाची वाट धरली. ती वाट जवळजवळ दहा वर्षांची निघाली. मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला.

हा निकाल कशाच्या आधारावर मिळाला, हे आपल्या व्यासपीठांवर फारसे सांगितले जात नाही. अस्पृश्यालाही माणूस म्हणून पाण्याचा समान हक्क आहे, या तत्त्वावर तो निकाल उभा नव्हता. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची रूढी अनादि काळापासून चालत आली आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही, एवढेच हायकोर्टाने म्हटले. रूढी सिद्ध झाली असती तर ती वाजवी की गैरवाजवी याचा विचार करावा लागला असता. तो प्रसंग आला नाही. विजय खरा होता, पण त्याचा पाया समोरच्याच्या पुराव्यातल्या उणिवेवर होता.

म्हणून घटनेचे १७ वे कलम हा निकाल शेजारी ठेवून वाचावे. अस्पृश्यता नष्ट झाली आहे असे म्हणताना त्या कलमाने रूढी जुनी की नवी हा प्रश्नच शिल्लक ठेवला नाही. आणखी एक गोष्ट आहे. बहुतेक मूलभूत हक्क हे शासनाविरुद्धचे हक्क असतात. १५ व्या कलमाचा दुसरा भाग, १७ वे कलम आणि वेठबिगारीला मनाई करणारे २३ वे कलम मात्र खाजगी माणसालाही बांधतात. दुकानदार, हॉटेलवाला, पाणवठ्यावरचा गावकरी, वेठीला धरणारा मालक, सगळे त्यांच्या कक्षेत येतात. तेव्हा गावकरी आडवा आला तर 'हा तुमचा आपसातला मामला' असे म्हणून शासनाला बाजूला होता येत नाही. घटनेने ती पळवाट बंद केली आहे.

वतनदार शासन

आता साहित्याकडे वळू. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ मध्ये आले. त्याचे शीर्षकच आपल्या विषयाचे आहे. महाराच्या कामाला वेळेचे बंधन नव्हते, हे पवारांनी तपशिलाने लिहिले आहे. गावचा वसूल तालुक्याला पोचवायचा, गावात आलेल्या अंमलदाराच्या घोड्यापुढे धावायचे, त्याच्या जनावरांची निगा राखायची, कोणी मेले तर परगावी सांगावा न्यायचा. ही यादी वाचून समीक्षकांनी गावगाड्याची क्रूरता दाखवली. पण यादी पुन्हा वाचा. यातली अर्धी कामे गावाची नाहीत. ती सरकारची आहेत.

१८७४ च्या वतन कायद्याने इंग्रज सरकारने महाराला कनिष्ठ गावकामगार म्हणून बांधून घेतले. चाकरी सरकारची आणि मोबदला गावकऱ्यांच्या खळ्यावरून, अशी ती व्यवस्था. सरकारला फुकटात नोकर मिळाला आणि गावाला त्या नोकराच्या पोटावर पाय देण्याची सोय झाली. महाराने हक्काची गोष्ट काढली की गावाने बलुतं बंद करायचे आणि सरकारने ते बघत बसायचे. जातीच्या गुलामगिरीचा एक मालक गाव होता, दुसरा सरकार होता. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते हेच ओळखून. त्यांना ते पुढे नेता आले नाही. कनिष्ठ वतने अखेर रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने, आणि त्याही वेळी वतनाची जमीन पुन्हा आपल्या नावावर करून घ्यायला कब्जेहक्काची रक्कम मोजावी लागली. पिढ्यान्‌पिढ्या राबवून घेणाऱ्याने सुटकेच्या वेळीही पैसे मागितले.

म्हणून शासन हे जातीच्या भांडणात वरून आलेले त्रयस्थ पंच आहे, ही समजूत 'बलुतं' वाचल्यावर टिकत नाही. ते या व्यवस्थेचे लाभधारक होते. समान हक्कांचे रक्षण हा त्याच्याकडून मिळणारा उपकार नाही. ते त्याच्यावरचे देणे आहे.

पहारेकरी शासन

लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'त शासनाचे दुसरे रूप दिसते. हे पुस्तक १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुरस्काराच्या आनंदात आपण त्यातल्या पोलिसाला विसरलो. या पुस्तकात पोलीस येतात ते गुन्हा घडल्यावर नव्हे. अमुक एक जमात येथे राहते, एवढे कारण त्यांना पुरते. घराची झडती, मारझोड, हजेरी हा त्या घराचा नित्यक्रम आहे.

माणूस जन्मतः गुन्हेगार असतो हे तत्त्व इंग्रजांनी १८७१ मध्ये कायद्यात लिहिले. जमातीच्या जमाती नोंदवल्या गेल्या. सोलापूरसारख्या ठिकाणी त्यांना तारेच्या कुंपणात, सेटलमेंटमध्ये कोंडले. घटना लागू झाली १९५० मध्ये आणि हा कायदा रद्द झाला १९५२ मध्ये. म्हणजे सर्व नागरिक समान, असे जाहीर झाल्यावरही दोन वर्षे काही नागरिक कायद्यानेच जन्मतः गुन्हेगार होते. त्यानंतर सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले. शब्द बदलला. ठाण्यातल्या शिपायाची नजर मात्र तीच राहिली, याची साक्ष 'उचल्या' देते, कारण त्यातला काळ बव्हंशी त्या रद्द झालेल्या कायद्यानंतरचा आहे. ज्याच्याकडे रक्षणासाठी जायचे तोच दारात दंडुका घेऊन उभा असेल, तर समान हक्काचा अर्थ आधी शासनापासून रक्षण असा होतो. निर्दोष मानले जाण्याचा हक्क पांढरपेशा माणसाला न मागता मिळतो. गायकवाडांच्या पिढीला तो मिळवावा लागला आहे.

उंबऱ्याबाहेर थांबलेले शासन

तिसरे रूप बाबूराव बागुलांच्या कथेत आहे. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ चा. शीर्षककथेतला तरुण रेल्वेत नोकरीसाठी गुजरातेत उधन्याला जातो. रेल्वे सरकारची. नोकरीच्या कागदावर तो इतरांसारखाच कामगार आहे. पण राहायला खोली पाहिजे आणि खोली जातीवर मिळते. म्हणून तो जात सांगत नाही. पुढे जात उघड होते तेव्हा त्याला मारहाण होते आणि त्याला सोडवायला येतो तो त्याच्याच जातीचा काशिनाथ.

या कथेत शासन वाईट वागत नाही. ते नुसते गैरहजर आहे. कारखान्याच्या फाटकापर्यंत समानता आणि फाटकाबाहेर मनूचे राज्य, अशी ही विभागणी आहे. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने कोणत्याही वस्तीत घर घेण्यास वा राहण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून अडथळा आणणे हा गुन्हा ठरवला होता. कथा त्यानंतरची आहे. तो कायदा या तरुणाच्या मनातही येत नाही. आजचा सुशिक्षित दलितही शहरात खोली शोधताना आडनाव विचारले गेले की जागच्या जागी ओळखतो, आणि घरमालक 'खोली आत्ताच गेली' असे म्हणतो. हा गुन्हा सिद्ध कोण करणार? पुराव्याचा सगळा भार नाकारल्या गेलेल्यावर टाकला की कायदा आपोआप निर्जीव होतो.

उंबऱ्याच्या आतली गोष्ट बेबी कांबळे यांनी सांगितली. 'जिणं आमुचं' १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. ते लिखाण त्यांनी कित्येक वर्षे नवऱ्यापासून लपवून ठेवले होते. आपल्याच वस्तीत, आपल्याच घरात स्त्रीचा समान हक्क कोठे आहे, हा प्रश्न त्यांनी आपल्यापुढे टाकला आणि आपण तो वेदनेच्या खात्यात जमा केला. बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, त्यामागे हिंदू कोड बिल रखडवले गेले हे एक मोठे कारण होते. घरातली विषमता शासनाच्या कक्षेबाहेरची आहे, हे त्यांनी कधीच मानले नाही. आपण मानतो काय?

दोन आक्षेप

'बलुतं' शिकवताना एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, मग सरकार आपल्या बाजूचं की गावाच्या?" हा प्रश्न भाबडा नाही. माझे स्वतःचे शिक्षण शिष्यवृत्तीवर झाले. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात असताना १९४४ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. तिच्यावाचून माझ्या घरात पहिला पदवीधर झाला नसता. आणि ज्या खिडकीवर ती शिष्यवृत्ती मिळायची तेथला कारकून सगळ्यांदेखत ओरडायचा, "सवलतवाले बाजूला उभे राहा." पैसा शासनाचा, खिडकी शासनाची, आणि तो आवाज गावाचा. तिन्ही एकाच भिंतीत होते. शासन हे एकसंध नाही. ते ओढले जाते तिकडे जाते.

म्हणून आपल्यातल्या काही मित्रांचा आक्षेप मला पटत नाही. शासन ब्राह्मणी आहे, त्याच्याकडे काय मागायचे, असे ते म्हणतात. पँथरच्या काळात हा सूर तीव्र होता आणि त्याला कारणही होते. ऑगस्ट १९७२ मध्ये राजा ढाले यांनी 'साधना'त राष्ट्रीय प्रतीकाच्या अपमानाला होणारा दंड आणि दलित स्त्रीच्या विटंबनेला होणारा दंड शेजारी शेजारी ठेवले. लोक चिडले ते शब्दांवरून, हिशेबाला उत्तर कोणी दिले नाही. पण तो लेख शासनाकडे पाठ फिरवणारा नाही. तो शासनाचा हिशेब तपासणारा आहे. बाबासाहेबांनीही १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात शासनावरची बंधने कलमवार लिहिली. सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवा, ही मागणी ते गोलमेज परिषदेपासून करीत होते, कारण मारझोडीपेक्षाही धान्य, मजुरी आणि वाट बंद करणे हे गावाचे मोठे हत्यार आहे हे त्यांना ठाऊक होते.

दुसरा आक्षेप सभ्य पांढरपेशांचा. शासनाने सर्वांना सारखे वागवावे, खास कायदे आणि राखीव जागा म्हणजे समानतेचा भंग, असे ते म्हणतात. मद्रासच्या प्रवेशप्रकरणात सुप्रीम कोर्टाने १९५१ मध्ये अशीच भूमिका घेतली आणि त्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने १५ व्या कलमात चौथा भाग घालावा लागला. पुढे १९७५ मध्ये केरळच्या थॉमस खटल्यात त्याच कोर्टाच्या बहुमताने अशा तरतुदी समानतेतच अंतर्भूत असल्याचे मानले. म्हणजे कायद्याने हा वाद कधीच मागे टाकला आहे. वाद चालू आहे तो दिवाणखान्यांतून. ज्याला हक्क बजावायला काही पडत नाही त्याला दुसऱ्याची किंमत दिसत नाही, एवढेच त्याचे कारण.

दोन कायदे, एक कलम

ही किंमत शासनाने उचलावी, असे कायद्यात कोठे लिहिले आहे काय? लिहिले आहे. १९५५ च्या कायद्याचे १९७६ मध्ये नागरी हक्क संरक्षण कायदा असे नाव झाले तेव्हा त्यात १५-अ हे कलम घातले गेले. अस्पृश्यतानिर्मूलनाने मिळालेले हक्क लोकांना प्रत्यक्ष बजावता येतील अशी व्यवस्था करणे हे राज्य सरकारचे कर्तव्य आहे, असे ते सांगते. कायदेविषयक साहाय्य, देखरेखीसाठी अधिकारी, विशेष न्यायालये, अस्पृश्यता पाळली जाणारे भाग हुडकून काढणे हे सगळे त्यात आहे.

१९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने पुन्हा १५-अ याच क्रमांकाचे कलम आले. ते पीडितांच्या आणि साक्षीदारांच्या हक्कांचे आहे. संरक्षण, तपास व खटल्याच्या काळातला प्रवासखर्च व निर्वाहखर्च, पुनर्वसन, गरज पडल्यास दुसरीकडे वसवणे, या गोष्टी ते शासनावर टाकते. याच दुरुस्तीने सामाजिक व आर्थिक बहिष्कार हाही या कायद्याखालचा गुन्हा झाला, आणि ४ थ्या कलमात कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकाची कर्तव्ये नावानिशी मांडली गेली : फिर्याद नोंदवणे, ती फिर्यादीला वाचून दाखवणे, तिची प्रत देणे. महाडला जी किंमत आपल्या लोकांनी दिली ती आता कायद्याने शासनाच्या नावावर मांडली आहे.

आणि तरीही २० मार्च २०१८ रोजी, म्हणजे चवदार तळ्याच्या तारखेलाच, महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने या कायद्याखालच्या अटकेपूर्वी वरिष्ठांची मंजुरी आणि गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशी अशा अटी घातल्या. कायद्याचा गैरवापर होतो, हे कारण. २ एप्रिलला देशभर बंद झाला, माणसे मेली. ऑगस्टमध्ये संसदेने १८-अ कलम घालून त्या अटी निष्प्रभ केल्या, ऑक्टोबर २०१९ मध्ये कोर्टाने स्वतःच आपले निर्देश मागे घेतले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ती दुरुस्ती वैध ठरवली. शासनाला त्याच्या कर्तव्यावर परत आणण्याची किंमत पुन्हा रस्त्यावरच्या माणसांनी दिली.

माझी तक्रार शेवटी आपल्याकडेच वळते. विहीर, पाणवठा, शिळी भाकर आपल्या साहित्यात पानोपानी आहे. ठाण्यात फिर्याद घ्यायला नकार मिळालेली रात्र, कोर्टाच्या तारखेसाठी बुडलेली मजुरी, साक्षीच्या आदल्या दिवशी दारात येऊन बसलेला पाटील, फितूर झालेल्या साक्षीदाराची बायको, समाजकल्याण कचेरीत अडकलेला अर्ज, हे मला त्या मानाने फार थोडे वाचायला मिळते. आजचा समान हक्काचा लढा येथे चालू आहे, आणि येथला माणूस अजून आपल्या कथेत नीट आलेला नाही. समीक्षकांनीही आता वेदनेची मोजदाद थांबवावी आणि प्रत्येक कलाकृतीला विचारावे : येथे हक्काची किंमत कोणी दिली, आणि शासन तेव्हा कोठे होते?

कार्यकर्त्यांसाठी हाच प्रश्न अधिक रोखठोक आहे. आपल्या तालुक्यात १५-अ खाली किती साक्षीदारांना प्रवासखर्च मिळाला, हे कचेरीत जाऊन विचारावे. उत्तर लेखी घ्यावे. ते मिळाले नाही तर तेही लेखी घ्यावे.